एकच प्रत

"हलवू नका, नुसता हातात धरा," गोपाळराव म्हणाले.

नत्थूजींनी तो ओलसर कागद दोन बोटांत धरला. आधी नुसतं मळभ, मग टोपी, मग मिश्या, आणि बघता बघता खुर्चीवर बसलेले गोपाळराव कागदावर रंगीत उमटले.

"ना अंधारी खोली, ना दोन दिवसांचा वायदा. शेंबडं पोरगंही काढते हा फोटो. बटण दाबलं की झालं!" गोपाळराव कॅमेऱ्यांचा धंदा करत. मुंबईहून हा नवा माल आणून ते गांधीबागेत नत्थूजींच्या स्टुडिओत आले होते.

"अन् निगेटिव्ह?"

"ते नसतेच गा. एकच प्रत. दुसरी निघत नाही."

"मग मी पेन्सिल काय माझ्या कपाळावर फिरवू?"

गोपाळराव हसले. दहा फिल्मची नवी डबी कॅमेऱ्यात घालून त्यांनी तो आठ दिवस वापरायला ठेवून दिला आणि निघून गेले.

नत्थूजींचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांचं सगळं नाव त्या पेन्सिलीवर होतं. भिंगाखाली निगेटिव्ह धरून ते टोकदार शिसं असं फिरवत, की वांग, तीळ, सुरकुत्या, सगळं फोटोतून गायब. विणकर वडील मागावर तुटलेला धागा जोडायचे तर गाठ बोटाला लागायची नाही. तोच हात लेकात उतरला होता. अर्ध्या गांधीबागेच्या पोरी नत्थूजींच्या पेन्सिलीनंच उजवल्या, असं लोक थट्टेनं म्हणत.

राहिली होती ती त्यांची स्वतःची लेक. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

पुष्पलताला चौथ्या वर्षी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण चेहरा व्रणांनी भरला. आता ती पंचवीस वर्षांची होती, शाळेत मास्तरीण होती. चार स्थळांना तिचा फोटो आवडला, चारही मंडळी घरी आली, आणि चौघांनाही पोरगी समोर येताच पत्रिका आठवली. शेवटच्यांनी तर चहाही तसाच ठेवला. त्या दिवशी कप विसळताना ती रडली नाही, हे नत्थूजींना रडण्याहून जड गेलं.

आता पाचवं स्थळ होतं उमरेडचं. मुलगा श्रावण, वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. त्यांनी फोटो मागवला होता.

"बाबा, यावेळी माझा फोटो त्या नव्या कॅमेऱ्यानं काढा," पुष्पलता म्हणाली. स्टुडिओच्या मागच्याच दोन खोल्यांत त्यांचं घर होतं, त्यामुळे तो कॅमेरा तिनं पाहिला होता.

"काहून वं?"

"लोकं इथं येऊन तोंड फिरवतात. त्यापरीस तिकडंच फिरवू द्या. मले पाहावं तर नाही लागत."

नत्थूजींनी अंगणात उजेडाला तिला उभं केलं आणि बटण दाबलं. फोटोत व्रणन् व्रण आला. पण डोळ्यांतलं हसूही आलं, जे स्टुडिओच्या दिव्यांत कधी येत नसे. फोटो छान होता. मनातल्या मनात त्यांनी ते कबूलही केलं.

पण पाकीट बंद करताना त्यांचा धीर सुटला. हा फोटो पाहून उमरेडचे लोक यायचेच नाहीत. निदान आले तर पोरीचं बोलणं ऐकतील, तिचा स्वभाव पाहतील. त्यांनी पाकिटात जुना, पेन्सिल फिरवलेला फोटो घातला, आणि नवा कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसरी प्रत निघत नाही याचं त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

"टाकलं पाकीट?" पुष्पलतानं विचारलं.

"टाकलं ना," ते म्हणाले, आणि उगाचच भिंग पुसत बसले.

आठ दिवसांनी गोपाळराव आले. "मग, घेता का कॅमेरा?"

"नाही गा. एकच फोटो काढून पाहिला, पुरे झालं."

गोपाळरावांनी कॅमेरा उलटा केला. "एक कसा? हा आकडा तर आठच फिल्म बाकी दाखवून राहिला."

"म्हणजे याले धड मोजताही येत नाही!" नत्थूजींनी समाधानानं मान हलवली.

रविवारी उमरेडची मंडळी आली. श्रावण आणि त्याची आई जनाबाई. चहा आला, सांभारवडी आली, मग पुष्पलता आली. नत्थूजींची मान वर होईना. आता पत्रिकेचं निघेल, आता निघेल, म्हणून ते सतरंजीकडे बघत राहिले.

श्रावणनं विचारलं, "कितवीले शिकवता?"

"चौथीले. साठ पोरं आहेत."

"आमच्या गोदामात साठ हमाल आहेत. ते पण ऐकत नाहीत."

पुष्पलता खुदकन हसली. जनाबाईंनी कप रिकामा करून खाली ठेवला. "आमाले पोरगी पसंत आहे, भाऊ. तुमी तारीख काढा."

नत्थूजींना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना ते पाकीट आठवलं. ही माणसं इतकी सरळ, आणि आपण त्यांना फसवून बोलावलं. उद्या कोणी पोरीलाच लबाड म्हटलं तर?

"थांबा," ते हात जोडून म्हणाले. "मी चुकलो. पोरीनं खरा फोटो पाठवायले सांगितला होता. मीच पेन्सिलीचा पाठवला. खरा या कपाटात कुलपात आहे. तिले काहीच माहीत नाही. बोल लावायचा तर मले लावा."

पुष्पलतानं पदराचं टोक तोंडाशी नेलं. जनाबाई लेकाकडे पाहून म्हणाल्या, "वाच गा, आता वाचून दाखव त्याहीले."

श्रावणनं खिशातून मास्तरणीच्या वळणदार अक्षरातलं पत्र काढलं आणि वाचू लागला: "सोबतचा फोटो मी स्वतःच, बाबा बाहेर गेल्यावर, कॅमेरा हातभर लांब धरून काढला आहे; त्यामुळे नाक जरा मोठं दिसतं. दोन दिवसांनी बाबांचं पाकीट येईल, त्यात पेन्सिल फिरवलेला फोटो असेल. मी कशी दिसते ते पाहायचं असेल तर हा पाहा, आणि माझ्या बाबांचा माझ्यावर किती जीव आहे ते पाहायचं असेल तर तो."