शारदाची वाचक

"पुस्तकांची खोकी तांदळाच्या पोत्यांवर ठिवू नगंस," विश्राम म्हणाला. बायकोच्या कादंबरीबद्दल तो एवढंच बोलला.

ही कादंबरी शारदाने मोबाइलवर लिहिली होती, एका अंगठ्याने. म्हशीची धार काढून झाली की थोडी, भाकरीचं पीठ मळायच्या आधी थोडी. घोटावड्याच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर हिंजवडीला कामाला जाणारी पोरं भाड्याने राहायची. "काकू, पाणी गेलं" अशी हाक आली की नायिकेला तसंच रडत ठेवून ही मोटर लावायला पळायची. अशाने कादंबरी व्हायची नाही, असं तिचं तिलाच वाटे. पण झाली. प्रकाशकांनी दाद दिली नाही, तेव्हा तिने स्वतःच छापून घेतली. मुखपृष्ठ अमोघ नावाच्या भाडेकरूने करून दिलं आणि शेवटच्या पानावर तिचा नंबर टाकला.

आता तिला एकच हवं होतं. कोणीतरी ती नीट वाचावी. तो कोणीतरी विश्राम असला, तर सोन्याहून पिवळं.

"वाचा की एकदा," ती म्हणायची.

"सवड झाली की."

सवड त्याला कुठली? पौडच्या कोर्टात तारखा चालल्या होत्या. शेजारी राहणाऱ्या चुलत्याशी, भिकूनानांशी, जमिनीवरून वाकडं आलं होतं. शारदाने काही विचारलं की उत्तर ठरलेलं. "बायकांना काय करायचंय त्यातलं? तू चहा टाक." त्या घरात बाईमाणसाला सातबारा दाखवायची रीतच नव्हती. तिने विचारणं सोडून दिलं होतं.

दोन घरांचं बोलणं बंद असलं तरी सुनांचं नळावर चालायचंच. गावात खपलेली एकुलती एक प्रत भिकूनानांच्या सुनेने नेली. तिनेही पुढे काही कळवलं नाही.

आणि एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी उत्कर्षा बोलतेय, पुण्याहून. तुमचं पुस्तक एका बैठकीत वाचून काढलं. दोन मिनिटं बोलू?"

शारदाने आधी गॅस बंद केला. मग जमिनीवरच बसली. तिला रडू आलं होतं आणि ते फोनवर कळू नये, एवढीच काळजी होती.

त्यानंतर उत्कर्षाचे फोन येतच राहिले. तिला सगळंच जाणून घ्यायचं असायचं. सासू वारल्यावर नायिका रडत का नाही? मनात काही खुपलं की ती त्या ओढ्याकाठच्या भाताच्या खाचरातच का जाऊन बसते? तो बांधावरचा आंबा खरा आहे का? शारदाला जन्मात कोणी इतके प्रश्न विचारले नव्हते. पिठाच्या हाताने फोन कानाशी धरून ती सांगत सुटायची. एकदा दूध उतू गेलं. एकदा टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहिलं, तरी हिचं आपलं चालूच.

"सगळं खरं हाय ताई," ती म्हणायची. "नावं तेवढी बदलल्यात."

मग एके दिवशी उत्कर्षा घरीच आली. कॉटनची साडी, खांद्याला झोळी, बोलणं गोड. पोहे खाल्ले आणि म्हणाली, "मला ते खाचर दाखवाल?"

दोघी ओढ्याकाठी गेल्या. शारदाने आंबा दाखवला, बांध दाखवला. आपल्या पुस्तकातली जागा कोणी पाहायला आलंय, या आनंदात तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"आणि पुस्तकातले ते आजोबा? सदा या खाचरात वाकलेले?"

"ते आमचं भिकूनाना. मी लगीन होऊन आले तवापासनं त्येच कसत्यात हे. माझ्याबिगर आमच्या घरच्या कुणी कधी पाय न्हाई ठेवला हितं."

"मग नायिका इथेच का येऊन बसते?"

शारदा हसली. "आपलं नसलेलं बी आवडतंच की माणसाला."

घरी परतल्यावर उत्कर्षाने झोळीतून पुस्तक काढलं.

"सही द्या. आणि यातलं सगळं खरं आहे, नावं तेवढी बदललीत, हे मला सांगता ना, तेही लिहा वर. तुमच्या अक्षरात हवं मला."

आयुष्यातली पहिलीच सही. शारदाने हात पदराला पुसले आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं, नवऱ्याचं आणि आडनावासकट. जाताना उत्कर्षाने तिचे हात हातात घेतले आणि जरा वेळ सोडलेच नाहीत.

"तुम्ही फार प्रामाणिक लिहिता," ती म्हणाली.

तिची गाडी वळणावर गेली आणि विश्रामची मोटरसायकल दारात आली. तो मागे वळून गाडीकडे बघत राहिला. मग चपला न काढताच आत आला.

"ती बाई हितं काय करत हुती?"

"माझी वाचक हाय. पुण्याची. खाचर बघितलं, पुस्तकावर लिहून घेतलं."

विश्राम खाटेवर बसला.

"वकील हाय ती, भिकूनानाची," तो म्हणाला. "ओढ्याकाठचं खाचर पयल्यापासनं आमीच कसतोय, असं मी कोर्टात शपथेवर सांगितलंय."

वरून कोणीतरी पाण्यासाठी हाक मारत होतं.

"आण तुझं पुस्तक," विश्राम म्हणाला. "वाचतो."