पाण्यासकट

विमलबाई दारात आली तेव्हा कलाबाई पाण्याच्या काचपेटीतल्या पाणवनस्पतीची पिवळी पाती खुडत होत्या. हात कोपरापर्यंत पाण्यात, तशाच त्या वळल्या. साखर कारखान्याच्या वसाहतीत नर्स म्हणून येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. कुणाला कळा सुरू झाल्या की माणसं अंगणातूनच हाक मारीत. सहज म्हणून दाराशी आलेली ही पहिलीच.

"बाई, त्ये पाण्यातलं हिरवं... येता-जाता खिडकीतनं बघती मी. एखादं रोप द्याल का?"

"देते की! आत या ना. चहा टाकते."

विमलबाईची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली. "नको. उपास हाय आज."

उपासाला चहा चालतो, हे कलाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी वाळूतून एक रोप मुळासकट अलगद सोडवलं. पुणतांब्याचं, माहेरच्या गोदावरीतलं.

"चिवट आहे फार. खत नको, काही नको. तळाला वाळू अन् खिडकीचा उजेड, बस. फक्त ह्याच पाण्यासकट बरणीत सोडा. एकदम नवं पाणी सोसत नाही त्याला."

विमलबाईने पदराआडून आपला पेला पुढे केला.

ती गेल्यावर कलाबाई कौतुकाने खिडकीशी आल्या. विमलबाई समोरच्या नळावर थांबली होती. तिने पेल्यातलं पाणी गटारात ओतलं. रोप धारेखाली धरून खसखसून धुतलं. पेला राखेने घासला. बौद्धाच्या घरचं पाणी सगळं निघून गेल्यावर मग घराकडे वळली.

आठवड्याने ती पुन्हा दारात.

"जळलं वो बाई त्ये. चिवट म्हनला हुता तुमी." मग म्हणाली, "सकाळी उठल्या उठल्या बघायची मी. मालक ड्युटीवर. घरात दुसरं बघायला हाय तरी कोन?"

कलाबाईंनी दुसरं रोप काढलं, पेला काठोकाठ भरला.

"ह्येच पानी घालायचं का?" विमलबाईने हळूच विचारलं.

"हेच."

विमलबाई पेल्याकडे बघत राहिली. मग पायरी उतरली.

कलाबाई या खेपेला खिडकीशी गेल्या नाहीत. पाण्यात हात घालून पिवळं पान शोधू लागल्या. एकही सापडेना. कान नळाकडे लागले होते.