दोन्हीकडे चालणारा टायर

"ह्यो न्हाई," बनुबाई म्हणाली.

नाथाजीरावांनी टायर भिंतीवर आपटला. हा सातवा. कामाचा गडी गावच्या जत्रेला गेला होता, त्यामुळे चैत्राच्या उन्हात मागच्या खोलीतून टायर गडगडवत आणायचं काम मालकालाच करावं लागत होतं. कराडच्या स्टँडमागे त्यांचं दुकान होतं. इतक्या वर्षांत टायर निवडायला कुणी बाई आलेली त्यांनी पाहिली नव्हती.

ही मात्र पायरीवर बसून होती. कपाळ मोकळं, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. तिचा दीर आकाराम शेजारी उभा होता. लष्करात सोळा वर्षं ड्रायव्हर होतो, हे त्यानं आल्याआल्या सांगितलं होतं. मग टायर यानं बघायचा की नाही? पण हा गडी प्रत्येक टायरची नक्षी वहिनीकडे वळवून धरायचा आणि ती मान हलवायची.

"जीप घेऊन आला असता तर आताच बसवून दिले असते," नाथाजीराव म्हणाले.

"आदी टायर तर सापडू द्या."

"गाडी फिरणार कुठं?"

"डांबरीवर बी अन् रानात बी. आमच्या माण तालुक्यातल्या रस्त्याला रस्ता म्हनायचं का, त्ये तुमीच ठरवा."

"मग उगाच मला पळवताय कशाला?" नाथाजीरावांनी घाम पुसला. "रेघांचा टायर डांबरीवर छान पळतो, पण मातीत जागेवरच फिरत बसतो. वर उठलेल्या मोठ्या रबरी बटणांचा रानात चांगला, पण डांबरीवर झिजून जातो. तुम्हाला दोन्हीकडे चालणारा पाहिजे. आता दाखवला तो तसलाच होता!"

"तसलाच हुता, पर त्यो नव्हं," बनुबाई म्हणाली.

"बाई, तुम्हाला टायरमधलं काय कळतं?"

आकारामनं मूठ आवळली. बाईनं मांडीवरचं गाठोडं सावरलं.

"आमाला एक सायेब म्हनला," आकाराम म्हणाला, "टायर समदे सारकेच असत्यात. कशाला हिंडताय?"

आता मात्र नाथाजीरावांचं डोकं फिरलं. आपल्या धंद्याला कुणी असं मातीत घातलेलं त्यांना खपत नसे.

"कोण गाढव म्हणाला? सारखे असतात म्हणे! कंपनीगणिक नक्षी वेगळी. वापरून वापरून तर प्रत्येकाची तऱ्हाच निराळी होते. नुसता मातीतला ठसा बघून मी गाडी सांगीन. असल्या लोकांचं ऐकून टायर घेतला की माणसाचा जीव जातो."

"गेला की," आकाराम म्हणाला. "आमचा दादा गेला. फाल्गुनात."

नाथाजीराव वरमले. त्यांचं लक्ष पुन्हा त्या मोकळ्या कपाळाकडे गेलं.

"घाटात?"

"घाटात न्हाई. सपाट जाग्याला."

"अरेरे. सपाटीला असं झालं म्हणजे टायर अगदीच गुळगुळीत असणार."

"चाळीस दीस झालं," बनुबाई एकदम कडाडली. "भाऊबंद म्हनत्यात, नशीब. सायेब म्हनतोय, इसरा. कुनाला कायबी वाटंना! माजा जीव जळतोय हितं."

नाथाजीरावांनी तांब्या आणून दिला. ती एका हातानंच पाणी प्यायली.

"ते गाठोडं खाली ठेवा की."

"मोडंल."

भाकरी मोडली तर एवढं काय बिघडतं, असं त्यांच्या मनात आलं, पण दुःखातल्या माणसाला काय बोलायचं. त्यांचा राग ओसरला होता. हिला चांगला टायर द्यायचाच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"चला, तुम्हाला खरा माल दाखवतो. विकायचा नाही तो. पण बघितलात की मुंबईहून मागवून देईन."

बाहेर लिंबाखाली त्यांची स्वतःची जीप उभी होती. नाथाजीरावांनी मागच्या चाकावर थाप मारली.

"कंपनीनं नमुना म्हणून चार पाठवले. चारही मीच चढवले. असला जोड सातारा-सांगलीत दुसऱ्या कुणाकडे नाही. सशांच्या शिकारीला रात्री आम्ही तुमच्या माणातच येतो की. ढेकळं असोत, ओढा असो, ह्या टायरांवर गाडी कशाला म्हणून थांबत नाही."

बनुबाई चाकापुढे उकिडवी बसली. टायरच्या खाचांतून तिनं बोट फिरवलं, अगदी सावकाश. एका जागी बोट थांबलं.

"ते एक बटण तुटलंय," नाथाजीराव घाईनं म्हणाले. "पहिल्याच फेरीत दगडावर गेलं. पण त्यानं काही अडत नाही. पुढं कितीतरी फेऱ्या झाल्या, पार फाल्गुनापर्यंत."

आकारामनं जीपमध्ये हात घातला आणि किल्ली काढून घेतली.

"अहो, हे काय? तुमची जीप कुठली ते तरी सांगा."

"आमाला जीप न्हाई."

बनुबाईनं फडक्याची गाठ सोडली. आत भाकरी नव्हती. शेणामातीचा वाळलेला, बोटभर जाड तुकडा होता.

"आमच्या खळ्याचं सारवण हाय," ती म्हणाली. "म्या माज्या हातानं सारवलं हुतं. कडंला वलं हुतं. मालक मदी निजलं हुतं, जोंधळ्याच्या राखनीला."

तिनं तो तुकडा उलटा करून टायरवर टेकवला. टायरची बटणं त्यातल्या ठशात बरोब्बर बसली, आणि तुटलेल्या बटणाच्या जागी तुकड्यावरचा उंचवटा.