दोन भोकांची चिठ्ठी

चिठ्ठीला दोन भोकं होती. तिने भिंग आणखी जवळ नेलं. दोनच.

कीटकसंग्रहालयात एका किड्याला एक टाचणी, आणि त्याच टाचणीत तो सापडला त्या ठिकाणाची चिठ्ठी. भोक एकच पडतं. दुसरं पडलं म्हणजे चिठ्ठी भलत्याच किड्याची काढून इथे टोचलेली. आणि हा किडा साधासुधा नव्हता. तिन्हीसांजेला उडणाऱ्या भूतपतंगाच्या या फिकट पांढऱ्या जातीचा जगभरातल्या संग्रहांतला एकुलता एक नमुना. आणणारा तिचा सख्खा मामा.

चिठ्ठीतल्या डोंगरावर ती तीन वर्षं हिंडली होती. पंखसुद्धा मिळाला नाही. मिळाले ते कुणी कुणी खणून ठेवलेले खड्डे. मामाच्या वहीत लिहिलं होतं की या पतंगाच्या अळ्या एका झाडाची मुळं पोखरतात. ते झाडही तिथे नव्हतं.

जातींची यादी उद्या छापायला जायची होती. ठिकाणाच्या रकान्यात 'संशयास्पद' लिहिलं, की मामाच्या चाळीस वर्षांच्या नावावर पाणी.

दिवस कलता कलता ती नमुन्याची पेटी घेऊन मामाच्या घरी गेली. मामी अंगणातल्या मुळं पोखरलेल्या झाडावर चिडली होती.

"आधी हे पडतं की मी, तेवढंच बघायचं राहिलंय. तोडू म्हटलं की यांना ताप भरतो."

तिने पेटी मामापुढे उघडली. "चिठ्ठी तू बदललीस?"

"बदलली."

"नाव व्हावं म्हणून?"

मामाला राग आला नाही. "पतंग विकणारे अजून येतात का गं त्या डोंगरावर, कुदळी घेऊन अळ्या खणायला?"

"येतात." खड्डे तिला मोजता आले नव्हते, इतके होते.

"बस जरा. उजेड उतरू दे."

उजेड उतरला. झाडाच्या बुंध्याशी, गवतावर, काहीतरी पांढरं हललं. मग दुसरं. बघता बघता दहा-बारा भूतपतंग अदृश्य दोऱ्याला टांगल्यासारखे जागच्या जागी झुलू लागले.

"आली यांची पिलावळ," मामी म्हणाली आणि दिवा न लावताच आत गेली.

बऱ्याच वेळाने तिने यादीचा कागद काढला. "मामा, ठिकाण आता काय लिहू? हे अंगण?"

"संशयास्पद."

"तुझं नाव जाईल."

"जाऊ दे. स्वच्छ अक्षरात लिही," मामा म्हणाला. "संशयाच्या जागी कुणी कुदळ घेऊन जात नाही."