दुपारी साडेतीनची वेळ

पहाटे पाचला स्वयंपाकघरात दिवा लागला, तशी नीलाक्षी उठून तिकडे गेली. तिचे सासरे, वामनराव, कॉफी मशीनचं बटण दाबून ओट्याला टेकून उभे होते. मशीन नीट तापायला अर्धा तास लागे आणि नीलाक्षीला साडेपाचला कॉफी पिऊन हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर निघायचं असे.

“बाबा, बायपासला दोन महिनेही झाले नाहीत. भरपूर झोपा म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी?”

“अगं, तुझा नवरा बोटीवर. तुझ्यासाठी एवढं तरी करू दे मला.”

त्याच संध्याकाळी तिने टायमर आणून मशीनच्या प्लगला लावला. पाचला चालू, सहाला बंद. वामनरावांनी टायमरचं माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्या पहाटे मशीन आपोआप तापलं. नीलाक्षी एकटीच कॉफी प्यायली. आपण बाबांचं हक्काचं काम काढून घेतलं, ही रुखरुख तिला दिवसभर लागून राहिली.

चारला ती घरी आली, तर मशीन तापलेलं होतं आणि ओट्यावर दोन कप मांडलेले होते.

“आज सातपर्यंत झोपलो बघ!” वामनराव खुशीत म्हणाले. “मग माहितीपत्रक वाचलं आणि साडेतीनची वेळही लावून टाकली. सकाळी तू नुसती घाईत असतेस. आता निवांत बस. मला अर्धाच कप दे, डॉक्टरांना विचारलंय.”

नीलाक्षी खुर्ची ओढून बसली, ती दिवेलागणीपर्यंत उठलीच नाही.