सीलंटवरचा अंगठा

दादाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी तो अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी आठवडा दिला.

"माझ्या मोटारसायकलचा आवाज ऐकू दे, मग खुशाल जातो," दादा म्हणाला.

त्या जुन्या गाडीचं इंजिन मी जोडायला घेतलं. दोन भागांमधून तेल गळू नये म्हणून कडेवर चिकट सीलंटची बारीक रेघ ओढायची, थोडी सुकू द्यायची, मग दोन्ही भाग आवळायचे. सुकली का, हे दादा नेहमी अंगठा टेकवून बघायचा आणि माझ्या शिव्या खायचा. अंगठा टेकला की तिथूनच तेल गळतं.

रेघ ओढली, गॅरेजला कुलूप लावून चहा पिऊन आलो. रेघेवर अंगठा उमटला होता, दादाच्या जुन्या जखमेच्या आडव्या खुणेसकट.

पुसून पुन्हा ओढली. पुन्हा ठसा.

घरात धावलो. "वहिनी, दादा उठला होता?"

"काहीतरीच काय भावजी! त्यांना कूससुद्धा बदलता येत नाही."

दादाच्या अंगठ्याला ओलं सीलंट होतं. "एवढी कसली घाई रे तुला?" तो हसला.

तिसऱ्यांदा, मंगळवारी सकाळी, मी रेघेसमोरून हललोच नाही. ठसा आला नाही. मला हायसं वाटलं. इंजिन आवळलं, गाडीवर चढवलं. पहिल्या किकलाच चालू झालं. तेलाचा थेंब गळला नाही.

दादा त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता गेला. तेव्हा मी रेघेकडे बघत बसलो होतो.