वेढ्यातली लेकरं

साखरखेर्ड्याच्या भगवंतरावांकडची चित्रांची जुनी पोथी वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या पूजेला काय ती उघडत. नागपूरच्या साहेबानं मागितली, तरी त्यांनी ती दिली नव्हती. तिच्या एका पानावर किल्ल्याला पडलेला वेढा रंगवला होता. बाहेर हत्ती, घोडे, चुलीवर चढलेल्या कढया. आत तटाआड पोट खपाटीला गेलेली लेकरं.

"कधीची उपाशी हायेत बापा, कोनी घास नाई देला त्यायले," असं पुटपुटत सुभद्राबाईंनी नवऱ्याची पाठ वळताच नैवेद्यातला गूळ एकेका लेकराच्या तोंडाला लावला आणि पोथी बांधून ठेवली.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी आधी तेच पान उघडलं.



बाहेरची फौज जागची हललीही नव्हती; लेकरं तेवढी उंदरांनी खाल्ली होती.